सोपा किल्ला शोधताना

पुण्यात प्रत्येकाच्या ओळखीचा एक 'सोपा' किल्ला असतो. चांगला दंतवैद्य विचारलात तर चार जण डोकं खाजवतील. सोपा किल्ला विचारलात तर चौघं चार नावं सांगतील आणि वर 'अगं, लहान मुलं पळत चढतात' हे शेपूट जोडतील. या शेपटावर भरवसा ठेवून मी गेल्या हिवाळ्यात तोरण्याला गेले होते.

आधी माझी पात्रता सांगते. वय ४४. कॉलेजात असताना दोनदा सिंहगड. त्यानंतरचा चढ म्हणजे सहकारनगरातला आमचा तिसरा मजला, लिफ्ट नाही. एवढ्या भांडवलावर मी एका ट्रेकिंग ग्रुपमध्ये पैसे भरले. त्यांच्या जाहिरातीत 'सोपा ते मध्यम' असं लिहिलं होतं. त्यातल्या 'ते' या एका अक्षरात काय काय मावू शकतं, हे मला बिनी दरवाजाच्या खालच्या कातळावर कळलं.

चढताना कळलं नाही, ही गंमत. वेल्ह्यातून निघालो तेव्हा थंडी होती, पोटात पोहे होते, पुढे माणसं होती. कातळाला रेलिंग आहेत, ती धरून धरून वर पोचलेही. मेंगाईच्या देवळाजवळ डबा खाल्ला, फोटो काढले, घरी पाठवले. खरा प्रकार उतरताना सुरू झाला. चढताना नाकासमोर दगड असतो, उतरताना नाकासमोर वेल्ह्याचं अख्खं खोरं. खाली सोंडेवर मुरूम आणि वाळलेलं गवत, दोन्ही सारखंच निसरडं. पावसाळ्यात शेवाळावरून घसरतात हे सगळ्यांना ठाऊक असतं. हिवाळ्यातल्या कोरड्या घसाऱ्याबद्दल कोणी बोलत नाही. मी एका जागी उभी राहिले ती राहिलेच. ग्रुपचा लीडर केव्हाच पुढे गेलेला. मागून एक दहाएक वर्षांचा मुलगा आला आणि म्हणाला, "काकू, खाली बघू नका. माझ्या बुटांकडे बघा." त्याच्या बुटांकडे बघत, बरीचशी वाट बसून, मी खाली आले. ट्रॅकपँटची मागची बाजू कामातून गेली. लहान मुलं पळत चढतात हे अगदी खरं आहे. ती पळत उतरतातही. प्रश्न त्यांचा नसतोच.

यंदा नोव्हेंबरात वहिनी म्हणाल्या, "मलाही न्या की एकदा कुठेतरी." वहिनी म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाई, वय ५२. उजवा गुडघा कुरकुरतो. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय, पण उतार आणि जिने जपून. त्यांची मुलगी अकरा वर्षांची, तिला कुठेही चालतं. म्हणजे निवड माझ्यावर आली आणि गुडघा वहिनींचा.

ऑफिसात एक सहकारी आहेत. सह्याद्रीतला एकही शनिवार सोडत नाहीत. त्यांना विचारलं.

"राजगड. डोळे मिटून राजगड. पाली दरवाजाने जा, पायऱ्याच पायऱ्या."

"दिवसात होतो?"

"होतो की. शिवाय आता जागतिक वारसा आहे."

ते खरंच आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत जे बारा किल्ले गेले त्यात राजगड आहे, लोहगडही आहे. पण वारशाचा आणि वहिनींच्या गुडघ्याचा संबंध मला लागेना. मी विचारलं, "उतरायला किती वेळ लागतो?"

ते हसले. "उतरायला काय? उतरायला वेळ लागतो होय?"

तिथे माझी ट्यूब पेटली. ज्यांना किल्ले सोपे वाटतात त्यांना फक्त चढ आठवतो. दम लागला, घाम आला, वर वारा लागला. उतार त्यांच्या लेखी परतीचा प्रवास, म्हणजे जवळजवळ बसमध्ये बसल्यासारखाच. आमच्यासारख्यांची परीक्षा मात्र दुपारी उतारावर असते, मांड्या थरथरायला लागल्यावर. मग मी प्रश्नच उलटा करून घेतला. 'चढायला सोपा किल्ला कुठला' हे विचारणं बंद. प्रत्येकाला एकच विचारायचं, की उतरताना काय काय आहे, आणि अर्ध्यातून परत फिरावंसं वाटलं तर काय करता येतं. गंमत म्हणजे या प्रश्नावर चौघांची उत्तरं चार होईनात. आठवून सांगतो म्हणाले.

दुसरी एक गोष्ट मला फार उशिरा उमगली. किल्ल्याची उंची समुद्रसपाटीपासून सांगतात आणि आपण काही अलिबागहून चढायला सुरुवात करत नाही. सिंहगड १३०० मीटरच्या वर आहे हे वाचून घाबरायचं कारण नाही, आणि लोहगड हजाराच्या जरासा वर म्हणून निर्धास्त व्हायचंही कारण नाही. पायथ्याची उंची वजा केल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही. आतकरवाडीपासून सिंहगडाचा चढ साधारण सहाशे मीटर निघतो. हे गणित मी किराण्याच्या वहीच्या मागच्या पानावर मांडलं आणि पहिल्यांदाच मला सिंहगडाबद्दल आदर वाटला. आपण पुणेकर त्याला उगीच पिठलं-भाकरीचं ठिकाण करून टाकलंय.

सिंहगडाचा विचार बरेच दिवस चालला, कारण त्याच्या बाजूने मुद्दे जबरदस्त. पन्नास नंबरची बस पायथ्याशी सोडते. वाटेत ताक, लिंबू सरबत, वर मडक्यातलं दही. मुख्य म्हणजे वरपर्यंत डांबरी रस्ता, म्हणजे चढून गेल्यावर पाय म्हणाले 'आता नाही', तर गाडीतळावरून जीपने खाली. नवख्यासाठी याहून मोठी सोय नाही. अडलं ते सहाशे मीटरवर. वहिनींना एका दमात तेवढा चढ नको होता, वाटेवर सावली बेताची, आणि रविवारी तिथे इतकी गर्दी की आपला वेग आपल्या हातात राहत नाही. मागचा "जरा बाजूला" म्हणतो आणि आपण नको तिथे पाय टाकतो.

मल्हारगड सासूबाईंनी सुचवला. त्यांचं माहेर सासवडकडचं. दिवे घाटाच्या पलीकडे, सोनोरीजवळ. मराठ्यांनी बांधलेला शेवटचा किल्ला म्हणतात, १७५७ ते १७६० मधला, पानशांचा. लहानसा, चढ थोडका, मला मनापासून आवडला असता. पण आमच्याकडे चारचाकी नाही आणि तिथून परतायला आपलं वाहन नसेल तर माणूस रस्त्यावर हात करत उभा. तिकोन्याचे फोटो सुंदर. पण शेवटच्या उंच, उभ्या पायऱ्यांचा वरून खाली काढलेला एक फोटो मी वहिनींना दाखवला. त्यांनी चष्मा लावला, बघितला आणि फोन परत दिला. तिकोना संपला.

लोहगड ठरला तो लोकलमुळे. मळवली स्टेशनला उतरायचं, एक्सप्रेसवेवरचा पूल ओलांडून भाजे गाव, तिथून चढत चढत गायमुख खिंड. खिंडीत उजवीकडे लोहगड, डावीकडे विसापूर. लोहगडवाडीपर्यंत गाडीरस्ता आहे आणि वाडीपासून वर बांधीव पायऱ्या. बहुतेक लोक काय करतात, वाडीपर्यंत रिक्षाने जातात आणि येताना मजेत चालत मळवली गाठतात. मी नेमकं उलटं ठरवलं. जाताना ताज्या पायांनी चालायचं, येताना वाडीतून रिक्षा करून भाज्यापर्यंत उतरायचं. चढाने गुडघ्याला फारसा त्रास नसतो, दमाला असतो, आणि दम बसून भरून निघतो. ऑफिसातल्या सरांना ही योजना सांगितली तर ते म्हणाले, "ट्रेकला जाऊन खाली रिक्षाने?" मी म्हटलं, "हो."

त्याआधी रंगीत तालीम. दोन रविवार आम्ही वेताळ टेकडीवर गेलो. पौड रस्त्याच्या बाजूने वर जायचं, वेताळबाबाला नमस्कार करायचा, खाणीपाशी बसून मोर ओरडतात का ऐकायचं, परत. चढ दोनशे मीटरच्या आसपास, म्हणजे फार काही नाही, पण तालमीला पुरे. पहिल्याच रविवारी माझ्या बुटाने घात केला. सहा वर्षांपूर्वी हौसेने घेतलेले, जेमतेम चार वेळा घातलेले, माळ्यावर खोक्यात जपून ठेवलेले. बाहेरून कोरे करकरीत. टेकडीवर अर्ध्या तासात उजव्या बुटाचा तळ पुढून सुटला आणि प्रत्येक पावलाला जबडा वासायला लागला. आतला फेस बोटाने चुरडला तर शिळ्या केकसारखा भुगा झाला. दुकानदार नंतर म्हणाला, वापरले नाहीत म्हणूनच गेले, ते मटेरियल वर्षानुवर्षं पडून राहिलं की दमटपणानेच मरतं. पुतणीने तिच्या केसांची दोन रबरं काढून बूट बांधून दिला आणि मी फटक् फटक् करत घरी आले. हेच लोहगडाच्या पायऱ्यांवर झालं असतं तर? तेव्हापासून माझं मत झालंय की माळ्यावरच्या बुटांची परीक्षा गावातच घ्यावी.

वहिनींनी दुसऱ्या रविवारी काठी शोधून काढली. नव्या फोल्डिंगच्या काठ्यांच्या किमती बघून त्या मागे फिरल्या आणि भावजींच्या वडिलांची, म्हणजे आमच्या सासऱ्यांची, जुनी वेताची काठी बाहेर काढली. खाली रबरी बूच नवीन बसवलं.

जानेवारीतला एक शनिवार. शिवाजीनगरहून पहाटेची लोकल. थंडी एवढी की खिडकीपाशी कोणी बसेना. पिंपरी-चिंचवड मागे पडलं, तळेगाव सोडलं आणि कामशेतच्या पुढे इंद्रायणीच्या खोऱ्यात धुकं असं बसलेलं की विजेचे खांब नुसते अर्धे दिसत होते. मळवलीला उतरलो तेव्हा सूर्य उगवून थोडाच वेळ झाला होता. वहिनींनी स्वेटर, त्यावर शाल, कानाला मफलर. "काढून ठेवायला लागेल," मी म्हटलं. "बघू," म्हणाल्या. भाज्याच्या पुढच्या दुसऱ्या वळणावर शाल निघाली, चौथ्यावर मफलर, खिंडीत स्वेटर. ते सगळं अर्थात माझ्या पिशवीत. पुण्याकडच्या हिवाळ्याचं हे आहे, सकाळी काकडायचं आणि अकराला घाम पुसायचा. दुपारचं ऊन तिशीला टेकतं. तहान मात्र लागत नाही, म्हणून पाणी प्यायचं राहतं आणि दुपारी डोकं धरतं. पुतणीला मी कामच दिलं होतं, दर वळणाला दोघींना दोन दोन घोट पाजायचे. पोलिसासारखी उभी राहून तिने ते केलं. माणशी दोन लिटर नेलं होतं, थोडंसंच उरलं.

अत्तर-परफ्यूम लावायचं नाही हेही आधीच सांगून ठेवलं होतं. कड्यांना आग्या मोहोळं असतात, उग्र वासाने माश्या उठतात. वहिनींनी केसाला नेहमीचं वासाचं तेलसुद्धा लावलं नव्हतं. "एवढं तर लग्नालाही कोणी बजावलं नव्हतं," म्हणाल्या.

वाडीत चहा घेतला, रिक्षावाल्याचा नंबर घेतला, दुपारी फोन करतो म्हणून सांगितलं. पुरातत्त्व खात्याची तिकिटं काढली, पुतणीला लागलं नाही, पंधराच्या आत फुकट. आणि मग पायऱ्या. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा, असे एकापाठोपाठ एक चार दरवाजे, मधली वाट नागमोडी. १६६५ च्या पुरंदरच्या तहात हा किल्ला मोगलांना द्यावा लागला, १६७० मध्ये परत घेतला. त्या वळणांवरून वरच्या तटाकडे बघितलं की लढून वर येणाऱ्याची काय गत होत असेल ते बरोबर समजतं. आमची तर डबा घेऊन येतानाच झाली. त्यात हिवाळा म्हणजे शाळांच्या सहलींचा हंगाम, हे माझ्या हिशेबात आलंच नव्हतं. नारायण दरवाजाशी दोनेकशे मुलांची रांग, पुढून 'जय भवानी', मागून 'जय शिवाजी', आणि मधे एक बाई हातात यादी घेऊन मुलं मोजताहेत. एकोणचाळीस आली की कोणीतरी हलायचं आणि परत एकपासून. आम्ही कट्ट्यावर बसून रांग जाऊ दिली. वहिनींना हवी होती ती विश्रांती अशी आपोआप मिळाली.

वर भन्नाट वारा. सोळा कोनांचं टाकं बघितलं, नाना फडणवीसांच्या वेळचं. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढली तेवढ्यात एक माकड आलं आणि तिळाच्या वड्यांची पिशवी घेऊन गेलं. हिसकावून नाही, अगदी हक्काने. तटावर बसून आमच्याकडे बघत त्याने सगळ्या वड्या संपवल्या. संक्रांत होऊन आठवडाच झाला होता. वहिनी त्याला म्हणाल्या, "आता गोड बोल हो."

मग विंचूकाटा. लोहगडाला आलेला माणूस विंचूकाट्यावर जातोच. माचीचा तो लांबलचक चिंचोळा दांडा, टोकाला पवनेचं पाणी, पलीकडे तुंग आणि तिकोना. पण माचीवर जायला गडाच्या पठारावरून आधी एक कातळाचा टप्पा खाली उतरावा लागतो. फार नाही, पण हाताने धरून उतरायचा. आम्ही काठावर जाऊन उभ्या राहिलो. मुलं धबाधब उतरत होती. पुतणीचा एक पाय उचललेला. वहिनी म्हणाल्या, "तुम्ही दोघी जाऊन या, मी बसते."

मी त्या टप्प्याकडे बघितलं आणि मला तोरण्याचा तो मुलगा आठवला. उतरले असते कदाचित. पण वहिनींना माकडांपाशी एकटं सोडायचं, खाली जायचं, परत तोच टप्पा चढायचा, आणि त्यानंतर चारही दरवाज्यांच्या पायऱ्या उतरायला पायात बळ शिल्लक ठेवायचं. शिवाय दुपारच्या लोकल विरळ, एक चुकली की स्टेशनवर बसून राहायचं. "नाही जायचं," मी म्हटलं. पुतणीने तोंड एवढंसं केलं. तिला मी काठावर पोटावर झोपवून माचीचं टोक दाखवलं, तिने वीस फोटो काढले, तरी गाडीत बसेपर्यंत ती माझ्याशी धड बोलली नाही. बरोबर आहे तिचं. त्या वयात मीही बोलले नसते.

उतरायला दीडच्या सुमारास लागलो. इथे काठीने कमाल केली. लोहगडाच्या पायऱ्या उंचीला सारख्या नाहीत, काही झिजून तिरक्या झाल्यात, आणि वाळूसारखी बारीक माती त्यांच्यावर पसरलेली असते. वहिनींनी पद्धत बसवली. आधी काठी खालच्या पायरीवर, मग दुखरा पाय आडवा, मग चांगला. भिंतीच्या बाजूने. तोंडाने मोजणी चालू. मी एक पायरी पुढे, त्यांच्याकडे तोंड करून नाही, तर पाठ करून, म्हणजे तोल गेलाच तर माझा खांदा हाताशी. सकाळी ज्या पायऱ्या चढताना आम्ही गप्पा मारल्या त्याच पायऱ्यांवर आता तिघी चिडीचूप. मागून कॉलेजची चार मुलं आली, थांबली, आणि "सावकाश, काकू" म्हणून बाजूने गेली. चढायला आम्हाला जितका वेळ लागला तितकाच, वर दहा मिनिटं जास्तच, उतरायला लागला. ऑफिसात सांगायचंय हे.

गणेश दरवाजा मागे पडल्यावर वहिनी एका दगडावर बसल्या आणि म्हणाल्या, "आता रिक्षा आली नाही तर मी इथेच राहायला तयार आहे." रिक्षा आली. त्या वळणांवरून ती पहिल्या गियरमध्ये कण्हत उतरत होती आणि वहिनी मागे रेलून, शाल परत गुंडाळून, सकाळी चालून आलेलं एकेक वळण ओळखत होत्या.

भाज्याला लेण्यांच्या पायऱ्या पाहून त्यांनी नुसते हात जोडले आणि खालच्या टपरीवर चहा सांगितला. पुतणीला मात्र मी वर नेलं, काहीतरी भरपाई करायला हवी होती. तिथल्या चैत्याच्या छताला अजून मूळ लाकडी फासळ्या आहेत, दोन हजार वर्षांपूर्वीच्या. "लाकूड टिकलं इतकं?" तिने विचारलं. "तुझ्या बुटाचा तळ सहा वर्षं नाही टिकला." तेव्हा कळलं की राग गेला.

मळवलीला लोकल यायला पाऊण तास होता. फलाटावर तिखट-मीठ लावलेले पेरू खाल्ले. सोमवारी सकाळी दुधाला खाली जाताना बघितलं तर वहिनी दुसऱ्या मजल्याच्या वळणावर, कठडा धरून, दुखरा पाय आडवा टाकत उतरत होत्या. मी त्यांच्या मागोमाग, तशीच. पुतणी दप्तर घेऊन आम्हा दोघींच्या मधून दोन दोन पायऱ्या टाकत खाली गेली.